दुसऱ्याच्या हातचं रोप

मी भोरला राहते आणि घरात बसून प्रोग्रॅमिंग करते. नोकरी सांभाळून सहा वर्षं मी एक फ्रेमवर्क लिहीत होते. मोठ्या कंपन्यांची वेब ॲप्लिकेशन्स ज्याच्यावर उभी राहतात तो पाया: लॉगिन, कुणाला काय दिसावं याचे हक्क, एकदम हजारो माणसं आली तरी सगळं कोलमडू नये याची तजवीज. जो तो हाच पाया नव्यानं खणत बसतो याचा मला संताप यायचा. म्हणून मी माझं काम सगळ्यांना खुलं करून टाकलं. वापरा, उघडून बघा, बदला, फुकट.

लोक वापरायला लागले आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. सकाळी चहा ओतेपर्यंत तक्रारी हजर. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही ते 'तातडीचं आहे' म्हणून लिहायचे. मान आखडली, मनगट दुखायला लागलं, आणि मी मेले तरी उत्तरं देतच असेन असं वाटायला लागलं.

मदतीला आला तो एकच. कुठल्या तरी लांबच्या गावचा अनोळखी माणूस, त्यानं तीनदा दुरुस्त्या पाठवल्या. काम बरोबर असायचं, पण त्याची मांडणी मला खपायची नाही. दर वेळी मी धन्यवाद म्हटलं आणि त्याचं सगळं पुसून माझ्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं. चौथ्यांदा तो आला नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा हायसंच वाटलं होतं.

गेल्या जुलैत नवी मोठी आवृत्ती तयार झाली. मनाशी ठरवलं, ही लोकांसाठी सोडायची आणि महिन्याभरात कामाला वाटेकरी मिळाला नाही तर दुकान बंद. सकाळी बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि कापूरहोळला गाडी बदलून पालीला मामांकडे गेले.

मामांकडे त्या दिवशी इर्जिक होती. शेजारपाजारची माणसं येऊन एका दिवसात एकाचं भात लावून देतात. मजुरी नाही, जेवण पोटभर, आणि मग आपण त्यांच्या खाचरात जायचं. हल्ली दोरी धरून ओळीत लावतात. मीही साडी खोचून चिखलात उतरले.

माझ्या शेजारी वरच्या आळीतल्या एक काकू लावत होत्या. त्यांची ओळ दोरी सोडून भलतीकडेच चालली होती. मला राहवेना. त्या पुढं सरकल्यावर मी त्यांची दहा-बारा रोपं उपटली आणि सरळ लावली. मान वर केली तर सगळ्यांचे हात थांबले होते. काकूंनी पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि बांधावर जाऊन बसल्या.

मामा जवळ आले. हळूच म्हणाले, "अगं, इर्जिकीला आलेल्या बाईच्या हातचं रोप उपटायचं नसतंय."

"वाकडं होतं, मामा."

"वाकडं हुतं, मेलं न्हवतं. भात तर तितंबी आलंच आसतं."

मामी जाऊन काकूंना जेवायला घेऊन आल्या. मी त्यांची माफी मागितली. "असू द्या," एवढंच म्हणाल्या त्या, आणि माझ्याकडे न बघता जेवल्या. ज्याचं काम मी तीनदा पुसलं, त्याचं नावसुद्धा मला पटकन आठवेना, याची लाज वाटली.

परत येताना कापूरहोळच्या थांब्यावर मोबाइलवर नाव शोधून त्या माणसाला लिहिलं. माझं चुकलं, या, तुम्ही लिहाल तसंच घेईन. चार दिवसांनी उत्तर आलं. अगदी सभ्य होतं. आता दुसऱ्या एका प्रकल्पावर काम करतो, तिथं बरं चाललंय, तुम्हाला शुभेच्छा. तक्रारींचा ढीग तसाच होता.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या खाचरात इर्जिक होती. मामांनी बोलावलं नव्हतं, तरी गेले. कंबर मोडून आली होती. अर्ध्या तासात माझीच ओळ दोरी सोडून वाकडी गेली. काकू मागून आल्या, माझ्या रोपांकडे बघितलं आणि एकही न उपटता त्यांच्या शेजारी आपली पुढची ओळ लावायला लागल्या.

मी तिथंच चिखलात उभी राहून रडले.