खिंडीत उघडलेलं पान

भोरला माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर लेख लिहीत असे, म्हणजे बहुतेक दुपारी. गावातल्याच एका मित्राने भोर-वेल्ह्यापुरती एक वेबसाईट काढली होती आणि आम्ही चार-पाच जण तिच्यात थेट टाईप करून मोकळे व्हायचो, वेगळी प्रत कोणी ठेवत नसे. मानधनाचं विचारू नका, कधी नारळसुद्धा मिळाला नाही. वाचणारे मात्र मिळाले. कोणीतरी कोणाला लिंक पाठवायचं आणि लेख वेल्ह्याच्या पार शेवटच्या वस्तीपर्यंत पोचायचा.

त्या वस्त्यांवर घरात रेंज नाही. खिंडीत चढलं की येते. तिथं पान उघडायचं आणि तसंच उघडं खिशात घालून घरी आणायचं, अशी त्यांची पद्धत. मग जेवणं झाल्यावर एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

असा वाचला गेलेला माझा एक लेख एसटीच्या एका निवृत्त ड्रायव्हरवर होता. ते चष्म्याला म्हणून आले आणि दुपारभर बोलत बसले. मुक्कामी गाडी, धुक्यात हरवलेला घाट, गाडीतच कळा सुरू झालेली बाई. त्यांचं म्या, आमी, न्हाई, सगळं मी जसंच्या तसं ठेवलं. माझं त्यात फक्त टायपिंग. मी लिहिलेल्यातलं तेवढं एकच धड होतं, असं मला अजूनही वाटतं.

पुढे मित्राला ॲपचं खूळ लागलं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस त्याला सांगून गेला, वेबसाईट आता कोण बघतं, लोकांच्या फोनवर आपलं चिन्ह बसलं पाहिजे. मी म्हणालो, "अरे, त्यांच्या फोनमध्ये गुड मॉर्निंगच्या फुलांना जागा पुरत नाही, तुझं ॲप कुठे बसवणार?" पालथ्या घड्यावर पाणी. नारळ फोडून ॲप सुरू झालं. आता लिंक दाबली की लेखाऐवजी 'आधी ॲप घ्या' असं यायचं. खिंडीतली माणसं कंटाळून फोन खिशात घालायची. जुने लेख सावकाश ॲपमध्ये येणार होते, त्याआधी कंपनीनेच गाशा गुंडाळला. वेबसाईटच्या पत्त्याची मुदत संपली, तो भलत्याच कोणीतरी घेतला आणि तिथे ऑनलाइन रमी सुरू झाली. तेलही गेलं, तूपही गेलं. मित्राशी मी अजून नीट बोलत नाही.

दरम्यान ते ड्रायव्हर वारले. मला कळलंही नव्हतं. कळलं ते त्यांच्या बायकोचा फोन आला तेव्हा. शेजारणीच्या मोबाईलवरून, खिंडीतून बोलत होत्या.

"दादा, ह्यांचं वर्षश्राद्ध हाय. समदे पावणे यायचेत. तेवढा तुमचा लेख कागदावर काढून द्या की. ह्यांच्या मोबाईलात हाय अजून. त्यातला रिचार्ज कवाच संपलाय, पर पान दिसतंय. शेजारीण दर अमावस्येला वाचून दावती."

मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. सगळ्या जगात तो लेख उरला होता तो त्या एका फोनमध्ये, देवळीत ठेवलेल्या. मी म्हणालो, "मावशी, त्याला हात लावू नका, घराबाहेर काढू नका. रविवारी मीच येतो, फोटो काढून घेतो."

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या.

शनिवारीच त्या दुकानाच्या पायरीवर हजर. नसरापूरला एक गाडी, कापूरहोळला दुसरी, असं करत एकट्या आल्या होत्या. "तुमी कशाला दुकान बंद ठिवून लांब हेलपाटा घालायचा?" म्हणत त्यांनी पदरात गुंडाळलेला फोन काढला. "विंझरला रिचार्ज बी मारून घेतला. रिकामं भांडं कुणाच्या दारात न्हेऊ न्हाई, मग मोबाईल तरी रिकामा कसा आणायचा?"

रिचार्ज म्हणजे नेट, आणि नेट लागलं की फोन ते पान नव्याने मागवणार. नेट बंद करायला मी फोन हातात घेतला, तोच पान उघडलं. वर ड्रायव्हरांचा फोटो, खाली पहिल्या दोन ओळी. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर रंगीत पत्ते नाचायला लागले. मागे गेलो, पुढे गेलो, नेट बंद केलं. फोटो काही परत आला नाही.

"फुडं सरकवा की," मावशी म्हणाल्या, "ह्यांचं बोलणं खाली आसंल."

शेवटी सांगितलं, पान गेलं, आता येणार नाही. त्यांना ते पटेना. कालपर्यंत घरात होतं ते गाडीत बसून आल्यावर कसं जाईल? मला त्यांचा चेहरा बघवेना. लेख माझाच होता, आठवेल असं धरून मी कागद ओढला आणि मोठ्याने बोलत लिहायला लागलो. घाट, धुकं, ती बाळंतीण. म्या, आमी, न्हाईसुद्धा घातलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, दादा. हे तुमचं बोलणं हाय. ह्यांचं न्हवं."