दिवा लागल्यावर

आमच्या मुळगावातले दुकानदार काका दिवेलागणीनंतर मीठ विकत नाहीत. लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात. हमरस्त्यावर परदेशी कंपनीचं मोठं दुकान आल्यापासून त्यांची बरीच गिऱ्हाइकं तुटली, तरी हे चालूच.

परवा मी कॉलेजातून येऊन काकांच्या दुकानात टेकलो होतो. दिवा लागला आणि शेजारची कोल्हापूरची भाडेकरीण मीठ मागायला आली.

"सकाळी ये गो बाय."

"आमटी अळणी हाय की! जाऊ का मग त्या मोठ्या दुकानात?"

काका कान खाजवत राहिले. मग म्हणाले, "विकत नाय देत. टोपच हंय घेऊन ये, मी घालतो."

ती गरम टोप पदराने धरून आली. काकांनी चिमटीने मीठ घातलं, तिला चाखायला लावलं.

"तुझो पुडो सकाळी ने."

ती नुसती हसून गेली. काकांनी पुडा तेव्हाच बाजूला काढून ठेवला. ती येईल का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.