इस्त्रीच्या टेबलावरच्या गोळ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावशीचं इस्त्रीचं दुकान आहे आणि त्याला खेटून माझं झेरॉक्सचं. मावशी माझ्याहून लहान आहे, पण सगळी गल्ली मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ती मला झेरॉक्सवाले म्हणते. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींची जाड घडी, मागे कपड्यांच्या गठ्ठ्यांचं फडताळ आणि भिंतीवर विजेचा मीटर. त्या मीटरकडे ती दर थोड्या वेळाने रागाने बघते.

टेबलाच्या एका टोकाला ती कपडे ठेवू द्यायची नाही. तिथे पाण्याचा जग, स्टीलचे पेले आणि औषधांचे पुठ्ठ्याचे डबे असायचे. सरकारचा टीबीचा कार्यक्रम आहे, त्याचं हे काम. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मावशीला स्वतःला टीबी झाला होता. त्यातून ती उठली, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या लोकांनी विचारलं, तुमच्या गल्लीतले पेशंट रोज तुमच्यासमोर गोळ्या घेतील, चालेल का? तुम्ही फक्त बघायचं. ती हो म्हणाली. आता, फक्त बघणं हे मावशीच्या स्वभावातच नाही. शर्टाची इस्त्री करायला दिली तर तुटलेलं बटण लावून देणारी बाई ती. पेशंटने गोळ्या गिळल्या की त्याचं तोंड उघडून बघायची, मग काय खाल्लंस, झोपलास का, बायकोशी भांडलास का, सगळी चौकशी. गोळी चुकवणाऱ्याच्या घरी जाऊन ती त्याला असेल त्या कपड्यांत ओढून आणेल अशी तिची ख्याती होती, आणि एकदा तिने आणलाही होता.

कार्यक्रमाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मावशीच्या वेळी ढुंगणात इंजेक्शनं घेऊन बसता येत नव्हतं, असं तीच सांगते. आता इंजेक्शनं गेली, मूठभर गोळ्यांच्या दोन-तीन झाल्या, सगळं फुकट. केंद्रात एक मशीन आलं. त्यात थुंकी घातली की आजार आहे का आणि नेहमीचं औषध त्याला लागू पडेल का, ते त्याच दिवशी कळतं. माझ्या दुकानाच्या भिंतीवर मोठं पोस्टर लावून गेले, हसऱ्या कुटुंबाचं. फक्त मशीनमध्ये घालायच्या नळ्या कधी असायच्या, कधी नसायच्या.

मावशीच्या मुलीला खोकला लागला तेव्हा नळ्या नव्हत्या. जुन्या पद्धतीने, थुंकी काचपट्टीवर बघून टीबी आहे म्हणाले आणि नेहमीच्या गोळ्या सुरू केल्या. मुलगी कपड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरवर उभी असायची, तोंडाने फटकळ, आईवर गेलेली. रोज सकाळी कामावर जाताना टेबलाच्या टोकाशी उभी राहून गोळ्या घ्यायची आणि आईला जीभ काढून दाखवायची, लहान पोर वेडावून दाखवतं तशी. आजार उतरत होता. वजन वाढलं म्हणून ती कुरकुर करायला लागली, तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं.

तेव्हा मावशीकडे दुसरा पेशंट एकच होता, कोपऱ्यावरच्या एटीएमचा वॉचमन. घर लांब, इथे एकटा. त्याचा डबा संपत आला आणि नवा आलाच नाही.

वरून माल आला नाही, असं केंद्रात म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. मोटरसायकलवरून फिरणारा सुपरवायझर मावशीला डबे आणून द्यायचा. तिने त्याला फोन लावला. मी तिथेच होतो. तिने स्पीकर चालू ठेवला होता, कारण एका हातात इस्त्री होती.

"अहो, माणूस रोज येऊन उभा राहतोय. त्याला काय सांगू?"

"मावशी, सगळीकडे हीच बोंब आहे. तुम्ही जरा सांभाळून घ्या थोडे दिवस."

"सांभाळून म्हणजे कसं?"

"घ्या हो सांभाळून. तुम्हाला काय शिकवायचं," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्यालाही दिवसभर असेच फोन येत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन आला. युनिफॉर्मची टोपी हातात धरून नेहमीच्या जागी उभा राहिला, नजर खाली. त्या वेळी मुलगीही तिथेच होती. तिचा डबा शिल्लक होता, कारण तो टंचाईच्या आधीच आलेला. मावशीने मुलीच्या दिवसाच्या गोळ्या तळहातावर घेतल्या, एकदा मुलीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"दे गं त्याला," मुलगी म्हणाली. "त्याला इथे कोण आहे दुसरं?"

मावशीने गोळ्यांचे दोन वाटे केले. एक गोळी मधोमध मोडण्यासाठी तिने कात्री वापरली, धागे कापायची. दोघांनी पाणी पिऊन गिळल्या. मावशीने दोघांचीही तोंडं उघडून बघितली, अगदी चोख. नंतर मला म्हणाली, "झेरॉक्सवाले, असलेल्यात भागवायचं. उपाशी कुणाला घालवलं नाही आजवर." आणि मीही मान डोलावली. आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगं काही दिसलं नाही. पुढचे बरेच आठवडे तसंच चाललं. मग माल आला, दोघांना आपापले पूर्ण डबे मिळाले, आणि मोडलेल्या गोळ्यांची गोष्ट सगळे विसरून गेले.

वॉचमन ठणठणीत झाला. जाताना त्याने मावशीचे पाय धरले आणि गावी गेला. मुलीचा कोर्सही संपला. थोड्याच महिन्यांत तिला पुन्हा खोकला लागला.

या वेळी मशीनच्या नळ्या होत्या. मावशीने मला बरोबर नेलं होतं, कारण कागद वाचायला तिला मी लागतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला नीट. त्या म्हणाल्या, नेहमीची औषधं आता हिला लागू पडणार नाहीत. मधे गोळ्या चुकल्या होत्या का?

"एकही नाही," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "माल नव्हता तेव्हासुद्धा नाही. अर्ध्या अर्ध्या दिल्या, पण चुकवल्या नाहीत."

सुपरवायझर दाराशी उभा होता. "अर्ध्या? वाटून दिल्या? मावशी, तो काय खाऊ होता का?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला गप्प केलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की कमी औषधात हा जंतू मरत नाही, उलट औषधाला सरावतो. काहीच न देणं त्यापेक्षा बरं. पण त्या हेही म्हणाल्या, की पहिल्या वेळी मशीनवर तपासणी झालीच नव्हती, तेव्हा हा जंतू आधीपासूनच तसला असेल, तर तेही आता कळायला मार्ग नाही. मावशीला सुटायला वाट होती. तिने ती घेतली नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तो बरा झाला."

मला तिचा राग आला. त्या सुपरवायझरचाही आला, आणि त्या वरच्या लोकांचा तर फारच. पण यातला कुठलाच राग कुठे नेऊन ठेवावा ते कळलं नाही, आणि अजूनही कळत नाही.

ती रडेल, अंथरूण धरेल असं गल्लीला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. दुपारी ती शाळेच्या युनिफॉर्मना इस्त्री करत होती, कॉलरी एकदम कडक. बोलणं मात्र बंद झालं. गिऱ्हाईक काही विचारायचं, ती गठ्ठा पुढे करायची. तुटकी बटणं तशीच परत जायला लागली.

मुलीला नवी औषधं सुरू झाली. ही औषधं आत्ता आत्ता आलेली, पूर्वी याच आजाराला वर्ष-दोन वर्षं लागत. पहिल्याच सकाळी ती आपला डबा घेऊन माझ्या काउंटरपाशी आली.

"काका, हा तुमच्याकडे ठेवा. मी इथे घेत जाईन."

"आई आहे ना पलीकडे."

"मीच दे म्हटलं होतं तेव्हा, माहितीये मला. तरी तिच्या हातून घेताना राग येतो. खोटं कशाला बोलू?"

ती हे हळू बोलली नाही. मधे प्लायवूडची एक भिंत आहे, तिच्यातून मला मावशीचं खोकणंही ऐकू येतं.

मग मी बघायला लागलो. परक्या तरुण मुलीला तोंड उघड म्हणणं जिवावर यायचं, पण म्हणायचो. तिला मळमळायचं, पायांना मुंग्या यायच्या, एकदा पायातली चप्पल निसटली ती तिला कळलीच नाही, चार पावलं तशीच गेली. कामावरून काढलं तिला. ती गेली की पलीकडून मावशीचा आवाज यायचा.

"गेल्या पोटात?"

"गेल्या."

त्या सगळ्या काळात आमचं बोलणं एवढंच. मायलेकी एका खोलीत राहत होत्या, एका चुलीवरचं जेवत होत्या, त्यांच्यात काय बोलणं होत होतं मला ठाऊक नाही. होत नसावं.

औषध लागू पडलं. शेवटची तपासणी स्वच्छ आली. केंद्रातून तो कागद घेऊन सुपरवायझर स्वतः आला, आणि बरोबर एक नवा डबा. स्कूलबसच्या ड्रायव्हरला टीबी निघाला होता.

"मावशी, झालं गेलं सोडा," तो म्हणाला. मनापासून म्हणत होता. "तुमच्यासारखं डोळ्यांत तेल घालून बघणारं मला कुणी मिळत नाही. हा तुमच्याकडेच ठेवतो. आता माल भरपूर आहे."

"संपला तर?"

"नाही संपणार."

"पण संपला तर?"

"तर सरळ परत पाठवायचं माणसाला. नाही म्हणून सांगायचं."

मावशीने इस्त्री उभी केली. "मला नाही जमणार. ही मरता मरता वाचली, तरी नाही जमणार. समोर कुणी येऊन उभं राहिलं की मी पुन्हा मोडून देईन. मी मला ओळखते. तुम्ही मला देऊच नका."

मुलगी माझ्या काउंटरशी उभी राहून हे ऐकत होती. सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं आणि मी झेरॉक्सच्या ट्रेमध्ये कागद भरायला लागलो. तेव्हा तिने पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला.

"मी पाठवीन परत," ती म्हणाली. "मला जमेल."