फोनातून आलेला डब्यांचा कल्ला

जवळ सरक, पोरी. समुद्राच्या पल्याड असलीस तरी सरक. अन् आधी मला सांग, आईशी बोलता बोलता फोन असा मधीच बंद करतं का कुणी?

तुझ्या त्रिनिदादला पहाट होती, इथं परतूरकडं दुपार. तू म्हणालीस, "आई, माझ्या दवाखान्यातल्या नर्सांसंगं सण पाह्यला आले. थांब, दाखवते." अन् काय दाखवलंस! चिखलानं माखलेली माणसं, एकाच्या डोक्याला शिंगं, अन् पत्र्यालोखंडाचा असा कल्ला की तुझा आवाजबी ऐकू येईना. तेवढ्यात फोन बंद.

आपल्याकडं डबे कधी बडवतात, तुला ठाऊक हाय. शिवारात बिबट्या दिसला की. मागल्याच महिन्यात सारं गाव डबे-थाळ्या बडवीत ज्वारीपर्यंत गेल्तं. डबा वाजला की लेकरं आत घ्यायची अन् दार लावायचं, हेच मी लहानपणापासून शिकले. मंग मला दुसरं काय सुचणार? लेक बाहेर, अन् डबे वाजून राह्यलेत!

मी फोन लावून राह्यले, तू उचलना. गॅसवरचं दूध उतू गेलं. माझा आवाज ऐकून शेजारीण धावत आली. "मौसी, समुंदर के बीच में बिबट्या कां से आएंगा?" म्हणली अन् हसली. मला हसू येईना. तुझे बाबा "काही होत न्हाई" म्हणत होते, पण उलट्या चपला घालून अंगणात फेऱ्या मारीत होते.

ऊन कलल्यावर तुझा फोन आला. बॅटरी संपल्ती म्हणे! मी रडले, शिव्या घातल्या. मंग तू सांगितलंस, "आई, चिखल अन् शिंगं म्हंजे सणाची सोंगं. इथल्या काळ्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून साखळदंडानं बांधून आणले, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांचे ढोल वाजले की राज्य करणाऱ्या गोऱ्यांना उठावाची भीती वाटायची. ढोलांवर बंदी आली. ह्यांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. तोबी बंद केला. मंग बिस्किटाचे डबे घेतले, तेलाची पिंपं घेतली, तळ ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. आज ही बेटं ज्या गाण्यांवर नाचतात, त्यांच्या बुडाशी ह्यांचाच ताल हाय."

अन् तू मला एकच पिंप ऐकवलंस. लोखंड एवढं गोड वाजतं, मला खरंच ठाऊक नव्हतं. ते गोरे ह्या माणसांना भ्यायचे. मी तर ह्यांना ओळखतबी नव्हते, तुझ्यापायी भ्याले.

पण अजूनबी दुपारी फोन वाजला की हात पुढं होत न्हाई माझा. तू बराबर हायेस, हे मी नुसतं कानानं ऐकलंय. समोर बसवून डोळ्यानं पाह्यचंय मला. सुट्टी मिळंल तशी ये, बाई. जल्दी ये.