केसभर फट
तासलेल्या पितळेचा वास आला की मला भिलाईचं मशीन शॉप आठवतं. कारखाना अजून उभा होत होता. आमचे नागपूरकडचे एक साहेब रायफलच्या स्पर्धांना जात. रिकाम्या काडतुसांची मान लेथवर पातळ करायला ते माझ्याकडे आणत आणि बारूद-गोळी स्वतः भरत. "मान अन् रायफलच्या नळीमंदी केसभर फट ठेवजो. गोळी सुटताना मान फुगते, तिले जागा लागते," असं दरवेळी बजावत. पण आम्हा टर्नर लोकांत सैल कामाला शिव्या पडायच्या. एका खेपेला मी फट ठेवलीच नाही. मैदानावर काडतूस आत ढकलून रायफलचा बोल्ट साहेबांना जोर लावून बसवावा लागला, तेव्हा मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. पहिल्याच बाराला गॅस मागे फुटला आणि त्यांचा उजवा डोळा गेला. दवाखान्यात मी कबूल करायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तू कावून रडून राहिला? बारूद माह्याच हातानं जास्त पडली असंन." पुढे ते डाव्या डोळ्यानं नेम धरायला शिकले आणि काडतुसं माझ्याकडेच आणत राहिले. परवा ते गेल्याचं कळलं. आता खरं सांगू तरी कुणाला?