आधी गाळात उतरायचं

"बस खाली," साहेब म्हणाले.

मी बसलो. गुडघे गाळात रुतले. साहेबांनी माझ्या दोन्ही खांद्यांवरून पाय टाकले, पांढरे कॅनव्हासचे बूट माझ्या छातीवर आले. मी उठलो. काठापासून बोटीपर्यंत पन्नास पावलं. काठावर पंधरा-सोळा वर्षांची बारा मुलंमुली उभी होती. त्यांना शिडाची बोट चालवायला मी शिकवायचो. मास्तर मी. आणि त्यांच्यासमोर साहेब माझ्या मानेवरून म्हणाले, "भोयाचाच ना तू? मग काय, खांदा पिढीजातच आहे तुझा!"

मुलं हसली. मीही हसलो. साहेबांचे बूट मी विसरीन एखादे वेळी. ते माझं हसणं नाही विसरणार.

आमचे पणजोबा पालख्या वाहायचे. बापानं खांदा झटकला, डोंगा घेतला, तापीत जाळी टाकली. मी मुंबईला पळालो. तिथल्या एका क्लबात आधी बोटी धुतल्या, मग दोऱ्या ओढल्या, चौथ्या वर्षी सुकाणू हातात आलं. ऐंशीच्या दशकात जळगाव-धुळ्याच्या डॉक्टर, वकील, व्यापारी मंडळींनी मिळून आमच्याकडच्या धरणावर क्लब काढला. अध्यक्ष हे साहेब, निवृत्त अधिकारी. मला नेमणुकीचं पत्र आलं. त्यात टाइप केलं होतं, प्रशिक्षक. मायला वाचता येत नव्हतं. तरी तिनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं.

बोट लहान, चार-पाच जणांची. तिच्या पोटाखाली जड लोखंडी पातं असतं, कील म्हणतात त्याला. ते असतं म्हणून वाऱ्यानं बोट कलली तरी उलटत नाही. पण उथळ पाण्यात तेच पातं गाळात रुतून बसतं. म्हणून बोट काठाला आणायची नाही, कमरेइतक्या पाण्यात उभी करायची. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की मधे नुसता चिखल. धक्का बांधू म्हणाले होते. बांधला नाही. मी होतो ना.

साहेबांचं बघून मुलंही पाठीवर बसायला लागली. साहेबांच्या नातवानं एकदा बरगडीत टाच मारली. "चल घोड्या!" मग बोटीत बसल्यावर मी त्यालाच वारा शिकवायचा. त्यानं का ऐकावं माझं?

माय एकदा भाकरी घेऊन धरणावर आली. तिनं मला पाहिलं, पाठीवर मुलगा असताना. भाकरी दगडावर ठेवली आणि परत गेली. घरी गेलो तर म्हणाली, "पोऱ्या, तू मास्तर शे का घोडा शे? बठ्ठं गाव हासी राह्यनं." मी जेवलो नाही.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. सुकाणूवर नातू. मी म्हणालो, काठाकडे नेऊ नकोस, पाणी उतरलंय. तो म्हणाला, "मला कळतं." काय कळणार? ज्यानं त्या तळाला कधी पाय लावला नाही, त्याला तो तळ कळणार कसा? कील रुतली. बोट कलली. वारा जोरात, शीड फडफडतंय, मुलं किंचाळायला लागली. काठावरून साहेब ओरडले, "उतर आणि ढकल!"

मी शीड उतरवलं. पाण्यात उडी मारली. कमरेलाही पाणी नव्हतं. बोट ढकलली. हलेना. वर चार जणांचं वजन. मी म्हणालो, "उतरा. सगळे."

कुणी हललं नाही.

"मी मास्तर आहे. उतरा!"

धुळ्याच्या वकिलाची मुलगी पहिली उतरली. मग बाकीचे. शेवटी नातू, रडत. चिखल मांड्यांपर्यंत. दोघांना दोरी ओढून बोट आणखी कलवायला लावली, म्हणजे पातं गाळातून वर उचलतं, बाकीच्यांनी माझ्यासोबत खांदा लावला, आणि कील सुटली. त्या दिवशी ती मुलं पहिल्यांदा शिकली. नातूसुद्धा.

काठावर साहेब लाल झाले होते. "माझ्या नातवाला चिखलात उतरवलंस? सगळ्यांसमोर माफी माग." मग बोटीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी स्वतः बघतो बोटीला काय झालंय ते. बस खाली."

माझे गुडघे वाकायला लागले होते. खोटं कशाला सांगू? सवय झाली होती त्यांना. पण मी ताठ उभा राहिलो.

"साहेब, बोट तिथे आहे. बूट काढा आणि चला."

"पत्र परत करावं लागेल!"

"पत्रात पाठीचं काही लिहिलेलं नाही. पत्र मी देणार नाही. नोकरी तुम्ही ठेवा."

त्या दिवसापासून कामाला मुकलो. दोन वर्षं केळीच्या ट्रकांवर घड चढवले. क्लब बंद पडला, बोट पत्र्याच्या शेडखाली पडून राहिली, कीलला गंज चढला. मी बापाच्या डोंग्याला ताडपत्रीचं शीड बांधलं आणि भोईवाड्यातल्या पोरापोरींना शिकवायला लागलो. वकिलाची मुलगी एकदा आली. चपला हातात घेऊन, चिखलातून चालत.

परवा क्लबातला माणूस घरी आला. म्हणाला, क्लब पुन्हा सुरू करतोय, प्रशिक्षक तूच हवास. साहेब आता म्हातारे झालेत, गुडघे गेलेत. उद्घाटनाला त्यांना तेवढं बोटीपर्यंत ने. माणुसकी म्हणून.

मी म्हणालो, "साहेब वाटेत पडले तर मी पळत जाईन, उचलून दवाखान्यात नेईन. पण मानेवर बसायचं असेल तर घरीच राहा म्हणावं. आधी धक्का बांधा. मग बोलवा."

तो मायकडे बघायला लागला. मायनं देव्हाऱ्यातलं पत्र काढून त्याच्यासमोर धरलं. "वाच," ती म्हणाली. "काय लिखेल शे ते मोठ्यानं वाच."