चैत्रामभाऊंनी दगडी घासली

आमच्या शेजारचे चैत्रामभाऊ माणूस लाखात एक, पण चुलीच्या बाबतीत अगदी ढ. सत्तरी आली तरी स्वतःचा चहा कधी केला नाही. त्यांची बायको, आमची गुंताअक्का, करू देईल तेव्हा ना! शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. इथे अजून दोन-चार घरांत दगडी शिल्लक आहे. दगडी म्हणजे एकाच दगडातून कोरलेलं काळं, जड पातेलं. अक्काच्या दगडीतली उडदाची दाळ खाल्ली की मला माझ्या घरची दाळ नको वाटायची, आणि हे मी तिला तोंडावर सांगायची.

गेल्या हिवाळ्यात अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणली, पण उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, खाणंपिणं नीट झालं तर उठून बसतील. अक्काने तर खाणंच सोडलं. मी भाकरी न्यायची, शिरपूरला राहणारी सून मऊ खिचडी पाठवायची. ही कसेबसे दोन घास गिळून भिंतीकडे तोंड करायची.

"आते मना काय उपेग शे?" एवढंच म्हणायची. ऐकून मला रडू यायचं आणि रागही यायचा.

शेवटी भाऊंनी ठरवलं, दाळ आपणच करायची, तीही दगडीत. निदान तिच्या तोंडाला चव येईल. पण दगडी काळीकुट्ट. आजारी माणसाला असल्या भांड्यातलं कसं द्यायचं? म्हणून भाऊ तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन सकाळभर ओसरीवर बसले. मी गेले तोवर दगडी राखाडी पडली होती. मी कपाळावर हात मारला. अहो, तो मळ नव्हता, अक्काने वर्षानुवर्षं मुरवलेलं तेल होतं! दगडीला साबण कुणी लावत नाही, दगड तो पिऊन टाकतो. पण भाऊंचा फुललेला चेहरा बघून बोलायला माझी जीभ रेटेना.

दाळ शिजली. भाऊंनी घास भरवला. अक्काने तो तोंडात फिरवला आणि थुंकून टाकला.

"दगडी घासी का तुम्हीन?"

"हाव," भाऊ खाली बघत म्हणाले. "चांगली चकचकीत करी."

"बठ्ठी चव धोई टाकी!"

किती दिवसांनी अक्काचा आवाज चढला होता. बोलणं अजून जड होतं, शिव्या मात्र स्पष्ट आल्या. मग म्हणाली, "माले चुल्हाजोडे लई चला."

आम्ही दोघांनी धरून तिला चुलीपाशी बसवलं. दगडाने प्यायलेला साबण निघावा म्हणून तिने भाऊंना तांदळाची पेज करायला लावली, ती दगडीत मंद जाळावर उकळायला लावली, ओतून द्यायला लावली, मग पुन्हा नवी पेज. दगड निवला की ती डाव्या हाताने तेल-हळद चोळायची. जाळ मोठा झाला की ओरडायची. रोज हेच चालायचं. मी भाऊंची बाजू घ्यायला गेले तर तेच मला म्हणाले, "बोलू दे तिले."

दगडी पुन्हा काळवंडू लागली तेव्हा अक्काने दाळ टाकायला सांगितली. भाऊ भरवायला पुढे झाले, तर तिने त्यांचा हात बाजूला सारला. डाव्या हाताने भाकरी कुस्करली, निम्मी अंगावर सांडली, पण ताट पुसून खाल्लं.

"कशी व्हयनी?" भाऊंनी भीतभीत विचारलं.

"मीठ कमी शे," म्हणत तिने ताट पुढे सरकवलं. "आखो वाढा."

भाऊंनी पळी उचलली खरी, पण डोळे इतके भरून आले होते की त्यांना ताट दिसेना. शेवटी मीच वाढलं.